जन्मसिद्ध नागरिकत्वाचा झगडा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा अधिकारपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, म्हणजे २० जानेवारी २०२५ रोजी, एक आज्ञापत्र काढले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल अमेरिकेचे नागरिक होय, हा तेथील घटनेचा दंडक दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. त्या दंडकाला या आज्ञापत्राने मोठी खिंड पाडली. मुलाची आई देशात बेकायदा अथवा तात्पुरत्या परवान्यावर राहत असेल, आणि बाप नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसेल, तर आज्ञापत्रानंतर तीस दिवसांनी व पुढे जन्मणाऱ्या अशा मुलास सरकार नागरिक म्हणून ओळखणार नाही, असा त्याचा आशय. सिॲटल येथील न्यायाधीशांनी तीन दिवसांच्या आत त्यास स्थगिती दिली. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एकट्या न्यायाधीशाने साऱ्या देशाला लागू पडेल असा मनाईहुकूम देण्याच्या अधिकारास मर्यादा घातली. पण आज्ञापत्र घटनेस धरून आहे की नाही, या मुद्द्याला त्या वेळी हात लावला नाही. तो मुद्दा ५ डिसेंबर २०२५ रोजी त्या न्यायालयाने सुनावणीसाठी घेतला.

न्यायालयात कोण जिंकतो आणि कोण हरतो, याचा विचार आम्हांस येथे कर्तव्य नाही. सरकारने विचारलेला प्रश्न कोणता, एवढेच पाहावयाचे आहे. पाळण्यातल्या बालकाला सरकार विचारते, 'तुझी आई कोण ?' जन्म कोठे झाला हे विचारून भागत नाही; आईचा दर्जा काय, हे आधी सांगावे लागते. वाचक बंधुभगिनींनो, माणसाची योग्यता त्याच्या आईबापांवरून ठरविणारी व्यवस्था कशी असते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. परंतु अमेरिकेत हा प्रश्न कोठून आला आणि तो घटनेतून कोणी व का हद्दपार केला, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

१६६२ साली व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीने एक कायदा केला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल, असा तो कायदा. इंग्लंडातील रिवाज याच्या उलट होता. तेथे मूल बापाच्या नावाने व दर्जाने ओळखले जाई. मग वसाहतीने हा उलटा रिवाज का स्वीकारला ? उत्तर उघड आहे, आणि तितकेच ओंगळही आहे. गोरा मालक आपल्या गुलाम स्त्रीवर बलात्कार करी. तिच्या पोटी जन्मलेले मूल बापाच्या दर्जाला जाते, तर मालकाचे नुकसान होते. आईच्या दर्जाला गेले म्हणजे मालकाच्या मालमत्तेत आणखी एका जिवाची भर पडली. आमच्या पोथ्यांनीही अनुलोम आणि प्रतिलोम अशी संततीची वर्गवारी केली. पण स्वतःचे रक्त बाजारात विकण्याची सोय कायद्याने करून देणे, ही अमेरिकेतील गोऱ्या मळेवाल्यांची खास करामत.

१८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास अमेरिकेत बंदी झाली. तरीही १८१० साली सुमारे बारा लाख असलेली गुलामांची संख्या १८६० च्या शिरगणतीत चाळीस लाखांच्या घरात गेली. जहाजे थांबली, मग ही माणसे आली कोठून ? ती पाळण्यातून आली. आईच्या उदरातच बेडी घडविणारा कायदा जिवंत होता तोवर मालकाला जहाजाची गरजच नव्हती.

१८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. आपण गुलामगिरीस बंदी असलेल्या प्रदेशात राहून आलो आहोत, म्हणून आपण स्वतंत्र आहोत, असे त्याचे म्हणणे. सरन्यायाधीश टॉनी यांनी ६ मार्च रोजी निकाल दिला की, ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून या देशात आणले गेले, ते स्वतः स्वतंत्र असोत वा गुलाम, घटनेच्या अर्थाने या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत. या वाक्यातील खोच लक्षात घ्यावी. मालकाने कागद करून दिला तर गुलाम सुटेल, पण पूर्वज कसे बदलणार ? बेडी तुटेल, वंश तुटणार नाही. जातीची भिंत म्हणतात ती याहून निराळी काय असते ?

या निकालाला उत्तर द्यावयास चार वर्षे चाललेले यादवी युद्ध आणि लाखो माणसांचे प्राण लागले. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी मात्र तीत शिल्लक ठेवली. ही फट दक्षिणेतील राज्यांनी ताबडतोब हेरली. मिसिसिपीने त्याच हिवाळ्यात कायदा केला की, मुक्त झालेल्या प्रत्येक माणसापाशी दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा असला पाहिजे. पुरावा नसेल तो भटक्या ठरे. भटक्यास दंड होई, आणि दंड न भरणारास जो कोणी भरील त्याच्याकडे राबावयास धाडले जाई. भरणारा बहुधा जुना मालकच. वेठबिगार या शब्दाचा अर्थ ज्यांना बापजाद्यांकडून कळला आहे, त्यांना या कायद्याचे भाषांतर करून सांगण्याची जरुरी नाही.

यावर अमेरिकन काँग्रेसने १८६६ चा नागरी हक्क कायदा केला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो नाकारला, तेव्हा त्यांचा नकार बाजूस सारून ९ एप्रिल रोजी तो पुन्हा मंजूर केला. करार करणे, दावा लावणे, साक्ष देणे, जमीन विकत घेणे, वारसा मिळविणे हे हक्क गोऱ्या नागरिकाला आहेत तसेच सर्व नागरिकांना असतील, अशी त्याची योजना. परंतु आज एका काँग्रेसने केलेला कायदा उद्या दुसरी काँग्रेस रद्द करील. ही भीती खरी होती. म्हणून नागरिकत्व घटनेतच कोरावे असे ठरले, आणि ९ जुलै १८६८ रोजी चौदावी दुरुस्ती पक्की झाली. तिचे पहिलेच वाक्य टॉनीच्या निकालावर घातलेला घाव आहे. अमेरिकेत जन्मलेले अथवा तेथे नागरिकत्व घेतलेले, आणि तेथील अधिकारक्षेत्राखाली असलेले सर्वजण त्या देशाचे व आपापल्या राज्याचे नागरिक होत, असे ते सांगते. त्यात आई नाही, बाप नाही, वर्ण नाही, वंश नाही. भूमी तेवढी आहे. ज्या जन्माने मूल गुलाम ठरत होते, तोच जन्म या एका वाक्याने त्याच्या हक्काचा पुरावा झाला.

कोणी म्हणेल, ही योजना केवळ मुक्त गुलामांसाठी होती, परदेशातून आलेल्यांच्या मुलांचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. हा युक्तिवाद आजही हिरीरीने केला जातो. पण तो इतिहासाला धरून नाही. ३० मे १८६६ रोजी सिनेटात हीच शंका निघाली होती. पेनसिल्व्हेनियाचे कोवन यांनी विचारले की, चिनी आणि जिप्सी यांच्या मुलांनाही तुम्ही नागरिक करणार काय ? कॅलिफोर्नियाचे कॉनेस हे स्वतः आयर्लंडात जन्मलेले. त्यांनी उठून सांगितले की होय, चिन्यांची येथे जन्मलेली मुलेही नागरिक होतील, आणि तसे होणे योग्यच आहे. प्रश्न उघडपणे विचारला गेला, उत्तर उघडपणे दिले गेले, आणि त्यानंतर मतदान झाले. परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांची मुले, शत्रूच्या फौजेने व्यापलेल्या भागातील तिची मुले आणि आपापल्या जमातीच्या सत्तेखाली राहणारे मूळ रहिवासी, एवढेच अपवाद 'अधिकारक्षेत्र' या शब्दात अभिप्रेत होते. यांतील मूळ रहिवाशांची कथा दुःखद आहे. ज्यांची भूमी, त्यांनाच भूमीचा नियम लागू पडला नाही. सरसकट नागरिकत्व मिळण्यास त्यांना १९२४ साल उजाडले.

येथवरचा इतिहास विजयाचा आहे. पण घटनेत लिहिणे निराळे आणि खानावळीच्या दारात उभे राहणे निराळे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात लुइझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. काही आरोपींना शिक्षा झाली. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय, तर चौदावी दुरुस्ती राज्याच्या कृत्यांना बांधते, खाजगी माणसांच्या कृत्यांना बांधत नाही.

दरम्यान १८७५ साली काँग्रेसने आणखी एक कायदा केला होता. खाणावळी, जमिनीवरील व पाण्यावरील वाहने, नाटकगृहे व करमणुकीची अन्य स्थळे यांचा उपभोग वर्णाचा विचार न करता सर्वांना सारखा मिळावा, असा तो कायदा. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो मोडीत काढला. खाणावळवाला म्हणजे सरकार नव्हे, त्याने दार लावले तर घटनेचा संबंध येत नाही, असे कारण दिले. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी पुढे असेही सुचविले की, गुलामगिरीतून बाहेर आलेल्या माणसाने केव्हा तरी कायद्याचा खास लाडका होणे सोडून साधा नागरिक झाले पाहिजे. गुलामगिरी संपून तेव्हा फक्त अठरा वर्षे झाली होती. अडीच शतके पाठीवर आसूड, आणि अठरा वर्षांत लाड पुरे ! हे बोल वाचताना आपल्याकडील काही परिचित आवाज कानात घुमले, तर त्यात वाचकांचा दोष नाही.

एकटे न्यायमूर्ती हार्लन यांनी विरुद्ध मत दिले. ते केंटकीतील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेले. पण त्यांचे म्हणणे त्या दिवशी हरले.

मात्र १८७५ चा कायदा अमेरिकेत मेला तरी त्याचा वंश बुडाला नाही, ही गोष्ट आपल्या लोकांना अभिमानाने सांगावी अशी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ साली त्यांनी संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातील समान उपभोगाचे कलम अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतले आहे, असे त्याच्या टिपणात नमूद आहे. खाणावळी आल्या, वाहने आली, नाटकगृहे आली. आणि अमेरिकन कायद्यात नव्हते ते रस्ते, तलाव, विहिरी व पाणवठेही आले. ते का आले, हे ज्याने महाडच्या चवदार तळ्याचे नाव ऐकले आहे त्याला विचारावे. भारतीय संविधानाच्या १५ व्या कलमाचा दुसरा खंड उघडून पाहिला की दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची स्थळे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट ही सारी यादी तेथे उभी दिसते. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती केवळ सरकारपुरती नव्हे. खाजगी माणसाच्या हातातील कडीलाही ते कलम बांधते. ब्रॅडली यांनी लावलेली पळवाट आपल्या घटनेने जन्मतःच बुजविली आहे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, ते नावही याच कुळातले.

अमेरिकेला मात्र हीच गोष्ट आडवाटेने करावी लागली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांची दारे उघडली, तेव्हा १८८३ चा निकाल कायमच होता. म्हणून आधार घेतला तो राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकाराचा, आणि अटलांटा येथील एका मोटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो मान्य केला. कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली नाकारली तर व्यापाराला अडथळा होतो, म्हणून नाकारू नये ! माणुसकीला समोरचे दार बंद होते, ती व्यापाराच्या गाडीत बसून आत आली. आली हे उत्तमच झाले. परंतु घटनेचा अर्थ एकदा कोता केला म्हणजे त्याची किंमत किती पिढ्यांना मोजावी लागते, ते यावरून दिसते. पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली दिलेल्या मताधिकाराचीही तीच गत झाली. साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदान-कर यांनी दक्षिणेत तो गिळला, १९६५ च्या कायद्याने तो सोडविला, आणि त्या कायद्यातील देखरेखीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा निकामी केली.

आता जन्माच्या प्रश्नाकडे परत येऊ. वाँग किम आर्क हा १८७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगा. चीनला जाऊन १८९५ साली परत आला, तेव्हा बंदरावर त्याला अडविले. चिन्यांना बंदी करणारा कायदा १८८२ पासून चालू होता, आणि त्याचे आईबाप नागरिक होऊ शकत नव्हते. त्याने एवढेच सांगितले की, मी येथे जन्मलो. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्याचे म्हणणे मान्य केले. या निकालात विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत हार्लन होते, हे वाचून मन खिन्न होते. कृष्णवर्णीयांसाठी एकट्याने उभा राहिलेला हा न्यायाधीश चिन्याच्या मुलासाठी उभा राहिला नाही. थोर माणसाची समतादृष्टीही कोठे तरी थांबते. म्हणूनच ती माणसाच्या मर्जीवर न सोडता घटनेत लिहावी लागते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशबांधवाचे आहे. भगतसिंग थिंड हे पंजाबचे गृहस्थ अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचा जन्म तेथला नव्हता, तेव्हा अर्ज करून नागरिकत्व मिळविणे एवढाच मार्ग त्यांस होता. तो मार्ग त्या काळी गोऱ्यांना आणि १८७० नंतर आफ्रिकन वंशाच्या लोकांना खुला असे. थिंड यांच्या बाजूने काय सांगण्यात आले ? वर्णभेदाची ही अट अन्यायाची आहे, असे नव्हे. आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून आपण गोरे आहोत, असे ! उच्चजातीय हिंदूला येथील आदिवासींविषयी जी भावना असते, तीच अमेरिकन गोऱ्याला नीग्रोविषयी असते, असा दाखलाही देण्यात आला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस सांगितले की, सामान्य माणूस गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. पुढे काही हिंदी लोकांचे आधी मिळालेले नागरिकत्वही हिरावले गेले. वंशाच्या शिडीवर चढून हक्क मागणारास वरच्या पायरीवरचा माणूस लाथ मारतो, आणि तक्रार करावयास तोंड उरत नाही. आज तात्पुरत्या परवान्यावर तेथे गेलेल्या आपल्या कुटुंबांच्या मुलांचे रक्षण ज्या वाक्याने केले आहे, ते मुक्त गुलामांसाठी लिहिलेले वाक्य आहे. उच्च कुळाच्या दाखल्याने कोणाचे रक्षण केले नाही.

एक आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो टाळणे योग्य नव्हे. वंश विचारू नये असे तुम्ही म्हणता, मग सवलतीसाठी जात का विचारता ? २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत याच धर्तीवर, याच चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन, प्रवेशाच्या वेळी वर्णाचा विचार करण्यास मनाई केली. आमचे उत्तर असे. दार लावण्यासाठी वंश विचारणे एक, आणि दाराबाहेर कोणाला ठेवले होते हे शोधण्यासाठी विचारणे दुसरे. चौदावी दुरुस्ती लिहिणाऱ्या काँग्रेसनेच १८६६ च्या जुलैत मुक्त गुलामांसाठीच्या खास सरकारी खात्याची मुदत, राष्ट्राध्यक्षांचा नकार मोडून, वाढविली होती. त्यांना दोन्हींत विरोध दिसला नाही. आपल्याकडे १९५१ साली मद्रासच्या प्रवेशांच्या खटल्यात हाच पेच पडला, तेव्हा त्याच वर्षी १५ व्या कलमाला चौथा खंड जोडून तो सोडविण्यात आला. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले, आणि अद्यापही दाखल्यासाठी पूर्वजांची जात सांगावी लागते. सांगताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ती अन्यायाच्या हिशेबातील नोंद आहे, माणसाच्या योग्यतेची नव्हे.

परंतु अमेरिकेकडे बोट दाखविताना आपल्या घरचा कायदाही पाहिला पाहिजे. एप्रिल १९४७ मध्ये संविधान सभेत जन्माने नागरिकत्व देण्यावर वाद झाला, तेव्हा सरदार पटेल यांनी वंशावर बेतलेल्या कोत्या कल्पनेऐवजी विशाल कल्पना स्वीकारा असे सांगितले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही भारतात जन्मलेला तो नागरिक, असाच नियम होता. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एकजण नागरिक असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी ती आणखी कडक झाली. म्हणजे अमेरिकेत जे आज्ञापत्राने करू पाहिले, ते आपण कायद्याने केव्हाच करून बसलो आहोत, आणि त्याची चर्चाही फारशी झाली नाही. ज्याच्या सात पिढ्यांचा सातबारा आहे त्याला ही अट जाणवत नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर किंवा शहरातील झोपडपट्टीत ज्याचा जन्म झाला, त्याचे काय ? आईबापांचे नागरिकत्व शाबीत करावयाचे म्हणजे त्यांचे कागद हवेत, आणि कागद हे नेहमी जमिनीमागून, घरामागून आणि शाळेमागून येतात. ज्यांना ही तिन्ही नाकारली, त्यांनाच कागद मागावयाचा, हा न्याय मिसिसिपीच्या जानेवारीतल्या दाखल्याहून फार दूरचा नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर वकील या नात्याने एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मूल घरी जन्मो, दवाखान्यात जन्मो वा परगावी कामावर असताना जन्मो, त्याची नोंद जेथे जन्म झाला त्याच ठिकाणच्या निबंधकाकडे २१ दिवसांत करावी. मुदत टळली तर विलंब शुल्क भरून नोंद होते, पण जितका उशीर तितकी खटपट अधिक. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, सरकारी नोकरी इत्यादी कामांत जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. दाखल्यातील आईचे व बापाचे नाव त्यांच्या अन्य कागदांशी अक्षरशः जुळते की नाही, हे हाती घेतल्याबरोबर तपासावे. धर्मांतराच्या वेळी ज्यांनी नाव अथवा आडनाव बदलले असेल, त्यांनी त्या बदलाचे राजपत्र जपून ठेवावे, आणि आपल्या आईबापांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या मतदारयाद्यांचे उतारे व शिधापत्रिका जे काही हाती लागेल ते एका पेटीत घालून घरातील शिकलेल्या मुलीच्या किंवा मुलाच्या स्वाधीन करावे.